बॅटरी नवी, तरी सेल्फ घेईना

गणपतीचे दिवस म्हणजे आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांचा सीझन. मुंबईहून आलेल्या गाड्या अंगणात पावसात उभ्या राहतात आणि नेमक्या निघायच्या दिवशी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नाहीत. बहुतेक वेळा टर्मिनल सैल असतं, नाहीतर बॅटरीच्या पोलवर पांढरा-निळा क्षार चढलेला असतो. खायचा सोडा घातलेलं गरम पाणी ओतायचं, ब्रशने घासायचं, १० नंबरचा पाना फिरवायचा, वरून थोडं व्हॅसलीन. चहा येईपर्यंत गाडी चालू.

रत्नागिरीजवळच्या पावस गावाकडच्या एका घरून फोन आला तेव्हा मी हेच धरून निघालो होतो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालेलं, सामान ओटीवर बांधून ठेवलेलं, रात्री मुंबईला निघायचं. गाडी लहान पेट्रोलची, दहा-बारा वर्षांची. मालक मला बघताच म्हणाले, "मिस्त्री, बॅटरी मुंबईत नुकतीच नवी टाकलीय, तेव्हा बॅटरीचं काही सांगू नका."

सांगणार नव्हतोच. टर्मिनल हलवून पाहिले तर घट्ट, पोल चकचकीत. मीटर लावला, १२.३ व्होल्ट. नव्या बॅटरीला जरा कमीच, पण एवढ्यावर गाडी अडत नाही. किल्ली फिरवायला सांगितली. टक् आवाज आला, सेल्फ एकदा घुरघुरला आणि बंद. हेडलाइट मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत.

एव्हाना ओटीवर चारजण जमले होते आणि प्रत्येकाचं निदान तयार होतं. गावातल्या मेकॅनिकने सकाळी सेल्फ गेला म्हणून सांगितलं होतं आणि कोल्हापूरला फोन करून सेल्फची चौकशीही करून ठेवली होती. वहिनींचं म्हणणं वेगळंच. "सुरू करताना जळका वास येतो. मुंबईत दाखवलं तर क्लच प्लेट संपलीय म्हणाले."

अशा वेळी मी पाना खाली ठेवतो आणि गप्पा मारतो. गाडीपेक्षा माणसं जास्त सांगतात, फक्त त्यांना विचारावं लागतं. मुंबईत गाडी पहिल्यांदा अडली तेव्हा काय केलं होतं? रोडसाइडवाला आला, त्याने दुसऱ्या बॅटरीवरून चिमट्यांच्या केबलने जम्प, म्हणजे उसना करंट, दिला, गाडी लगेच सुरू झाली, टेस्टमध्ये बॅटरी लो आली, म्हणून ती बदलली. आणि आज? पुतण्याने शेजारच्या गाडीवरून जम्प दिला, तर काहीच फरक नाही.

पुतण्याला विचारलं, "काळा चिमटा कुठे लावलास?"

"बॅटरीच्या मायनसला. कुठे लावणार?"

"आणि मुंबईवाल्याने?"

मालकांनी आठवून सांगितलं, "त्याने इंजिनाच्या त्या लोखंडी हुकाला लावला होता."

तिथेच निम्मं काम झालं. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फमधून फिरून परत बॅटरीत यायला हवा. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाचं धूड आणि तिथून निगेटिव्हला येणारी केबल. मुंबईवाल्याने पद्धतीप्रमाणे चिमटा इंजिनाला लावला, त्यामुळे गाडीची स्वतःची अर्थिंगची, म्हणजे परतीची, केबल बाजूलाच राहिली आणि गाडी सुरू झाली. पुतण्याने निगेटिव्ह पोललाच लावला, म्हणजे करंटला पुन्हा त्याच केबलमधून यावं लागलं. जम्प दिला आणि सुरू झाली, एवढ्यावर बॅटरीला दोष देणारे पुष्कळ. चिमटा कुठे होता ते कोणी विचारत नाही.

आता मीटरने खात्री. बॅटरीच्या पोलवर मीटर धरून किल्ली मारायला लावली, तर आकडा ११.८ वर थांबला. सेल्फ नीट फिरतो तेव्हा तो सहज साडेदहाच्या आसपास उतरतो. इथे उतरतच नव्हता, म्हणजे सेल्फला हवा तेवढा करंट मिळतच नव्हता. मग मीटरची एक वायर निगेटिव्ह पोलला आणि दुसरी इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या उघड्या ॲल्युमिनियमला. पुन्हा किल्ली. ४ व्होल्टच्या वर! तिथे ०.२ च्या पुढे जाता कामा नये. पोल ते बॉडी मोजलं तर जेमतेम काहीतरी. म्हणून तर लाइट आणि हॉर्न ठणठणीत होते, त्यांची अर्थिंग बॉडीवर असते. निगेटिव्हच्या केबलला दोन फाटे होते, आखूड बॉडीला आणि लांब गिअरबॉक्सला. लांबवाला मेला होता.

आणि जळका वास? बोनेटखाली क्लचची केबल जिथे गिअरबॉक्सवर येते तिथे बोट लावलं आणि झटक्यात काढून घेतलं. चटका बसला. करंटला नेहमीची वाट बंद झाली, तेव्हा तो क्लच केबलच्या लोखंडी स्प्रिंगमधून बॉडीवर आणि तिथून बॅटरीत जात होता. वरचं प्लास्टिक मऊ होऊन एका बाजूला ओघळलं होतं. क्लच प्लेट बिचारी शाबूत होती.

जम्पर केबलची एकच बाजू घेतली, एक टोक निगेटिव्ह पोलला, दुसरं गिअरबॉक्सच्या बोल्टला. "मारा." पहिल्या झटक्यात सुरू.

आजोबा ओटीवरून ओरडले, "झाली! काय केलंत काय?"

जुनी केबल सोडवली. बाहेरून ती उत्तम दिसत होती, बोल्टही घट्ट होता. थिंबलजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्याजवळचं) काळं रबर ब्लेडने चिरलं तर आतून हिरवी भुकटी गळली. तांब्याच्या तारांपैकी पाच-सहाच धड राहिल्या होत्या, त्याही काळ्या पडलेल्या. दरवर्षी खारा वारा आणि चार महिने पाऊस, आणि पाणी शिरायला थिंबलचं उघडं तोंड. मालकांनी ती भुकटी बोटावर घेऊन बराच वेळ पाहिली. नवी बॅटरी काही हजारांची होती, ही केबल काही शेकड्यांची. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

दुकानातून २५ स्क्वेअर एमएमची वायर आणून दोन्हीकडे थिंबल दाबले, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवली आणि बोल्टखालची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली. आता किल्ली मारल्यावर बॅटरी १०.६ वर उतरत होती आणि सेल्फ गरगर फिरत होता. व्होल्टेज कमी झालं तरी गाडी चांगली कशी, हे पुतण्याला समजावण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. गाडी चालू असताना चार्जिंगही बॅटरीवर १४.२ दाखवू लागलं. आधी जम्पर केबलने गाडी चालू करून चिमटा काढला होता, तेव्हा ते तेराच्या आसपास रेंगाळत होतं. जुनी बॅटरी टेस्टमध्ये लो का आली असेल, त्याचं उत्तर बहुधा यातच. अल्टरनेटरचा करंटही त्याच सडक्या केबलमधून जायचा, बॅटरी पोटभर चार्ज व्हायचीच नाही.

मालकांनी माझ्यासमोरच मेकॅनिकला फोन लावून सेल्फ नको म्हणून सांगितलं. क्लच पॅडल जड झालं होतं, क्लच केबलच्या आतलं अस्तर वितळलेलं. ती केबल माझ्याकडे नव्हती. मुंबईत पोहोचल्यावर आधी ती बदला आणि घाटात गिअर जास्त खेळवू नका, एवढं सांगून मी पुढच्या गाडीकडे निघालो. तिकडे खरोखरच नुसतं टर्मिनल सैल होतं.