हेझलनटएवढं

आज ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार. वसईला असते तर संध्याकाळी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेले असते. इथे सुट्टी होती म्हणून ट्रेन पकडून इंग्लंडमधल्या नॉरिचला गेले, ज्युलियनच्या खोलीत. ज्युलियन म्हणजे चौदाव्या शतकातली, चर्चला लागून असलेल्या खोलीत एकांतात राहणारी संन्यासिनी.

खोली तिची खरी नाही. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात चर्च पडलं, 1953 मध्ये पुन्हा उभं राहिलं तेव्हा शेजारी ही बांधली. तरी आत बसल्यावर बाहेरच्या गाड्यांचा आवाज विसरायला झालं. तिचं जगणं असं: जिवंतपणी स्वतःला भिंतीआड कोंडून घ्यायचं, चर्चकडे एक खिडकी, लोकांशी बोलायला एक. मला तर दोन तास फोन बंद ठेवताना हात शिवशिवत होता! (यंदाचा माझा उपवास फोनचाच आहे. मासे सोडणं सोपं गेलं असतं.)

1373 च्या मे महिन्यात, तिशीतच, ती मरणाच्या दारात होती. धर्मगुरूने डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि तिला सोळा दर्शनं झाली. त्यातल्या एकात तळहातावर हेझलनटएवढी वस्तू. हे काय? तर निर्माण झालेलं सगळं. इतकं चिमुकलं टिकतं कसं, याचंच तिला नवल वाटलं. देवाची माया आहे म्हणून टिकतं, असं उत्तर मिळालं.

येताना बाजारातून पावशेर हेझलनट घेतले. आपल्या सुपारीहूनही लहान. ट्रेनमध्ये एक तळहातावर ठेवून बघत बसले. समोरच्या आजी म्हणाल्या, "फोडायला काही देऊ का?"