गोळ्या मोजून बरोबर भरल्या

आमच्या एचआयव्ही उपचार केंद्रात मोजल्या, तेव्हा बाटलीत उरायला हव्यात तेवढ्याच गोळ्या होत्या. तरीही सातव्या महिन्यातल्या त्या गरोदर बाईंचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), आधी दबलेला, मिलिलीटरमागे १,००० च्या वर गेला होता. कार्डावर आमच्यातल्या एकाने लिहूनही टाकलं: ‘औषध नियमित घेत नाही’. रिपोर्ट बिघडला की आमच्याकडे पहिला आरोपी रुग्णच.

‘गोळी चुकते का?’ याला उत्तर ‘नाही’च येतं. म्हणून मी विचारते: गोळी ठेवता कुठे, घेता कधी, तेव्हा जवळ कोण असतं? त्यातून उलगडलं. नवऱ्याला माहीत होतं, सासूला नाही. लेबलची बाटली घरात दिसायला नको, गोळ्या खुळखुळायला नकोत, म्हणून त्या कॅल्शियमच्या डबीत. केंद्रात यायच्या दिवशी तेवढ्या परत बाटलीत. आणि सकाळी उपाशीपोटी लोह, कॅल्शियम आणि ही एचआयव्हीची गोळी, तिन्ही एका घोटात. गरोदर बाईच्या लोहाच्या गोळीबद्दल कुणी काही विचारत नाही ना! लपवण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

घोळ तिथेच. एकाच गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. यातलं डोल्युटेग्राविर लोह-कॅल्शियमला पोटातच चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. उपाशीपोटी कॅल्शियमसोबत सुमारे ३९ टक्के कमी, लोहासोबत निम्म्याहून जास्त. भरल्यापोटी हा फरक जवळजवळ राहत नाही. नाहीतर आमची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोड फक्त यानेच वाढला असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, पण गोळ्या मोजून हे कधीच कळलं नसतं.

‘घरी सांगून टाका’ हा सल्ला खुर्चीत बसून देणं सोपं. आम्ही वेळ बदलली: ही गोळी आणि कॅल्शियम पोटभर जेवणासोबत, लोह रात्री झोपताना. ओलावा शोषणारी पुडीही डबीत टाकायला सांगितली. पुढच्या तपासणीत लोड उतरला. प्रसूतीआधीच्या ४ आठवड्यांत तो १,००० च्या वर राहिला असता तर बाळ जास्त जोखमीचं धरून दोन औषधं द्यावी लागली असती.

आता बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून नेव्हिरापिन या एकाच औषधाचं सिरप, रोज, किमान ६ आठवडे. बाळाला कसलं औषध, हे घरात येणारा प्रत्येकजण विचारणार, आणि ते लपवायला बाळाच्या गोळ्यांची डबी नसते. त्या बाईंना काय सांगायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.