आज कुणाशी हरायचंय?

परवा दुपारी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या देशी वाणसामानाच्या दुकानात जाडे पोहे घ्यावेत की पातळ, या विचारात मी उभा होतो. तेवढ्यात कोथिंबिरीच्या दोन जुड्या हातात धरलेल्या एका वयस्कर अमेरिकन गृहस्थांची नजर माझ्या काळ्या टोपीवर गेली. ते जवळ आले, क्षणभर थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "चोवीस?" मी म्हटले, "पूर्ण." त्यांनी मान हलवली आणि ते मसाल्यांच्या रांगेकडे निघून गेले. आपल्याकडे दहाव्याच्या आधी भेटायला येणारी माणसे अशीच येतात. फार बोलत नाहीत, चहाला नको म्हणतात आणि चपला घालताना एकदा मागे वळून पाहतात.

टोपी शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाची होती आणि चोवीस म्हणजे २०२४चा हंगाम. त्या हंगामातल्या १६२ सामन्यांपैकी आमच्या संघाने ४१ जिंकले आणि १२१ हरले. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स १२० सामने हरले होते आणि त्या विक्रमाला बासष्ट वर्षे कोणी हात लावू शकले नव्हते. १८९९ साली क्लीव्हलंडचा एक संघ १३४ सामने हरल्याची नोंद आहे खरी, पण ती त्या जुन्या काळातली म्हणून हिशेबात धरत नाहीत. धरली असती तर आमचे थोडे तरी सांत्वन झाले असते.

त्या उन्हाळ्यात संध्याकाळचा पहिला चहा झाला की आमची सौ. विचारायची, "आज कुणाशी हरायचंय?" आरंभी मला तो प्रश्न बोचत असे. जुलै संपता संपता मी "कॅन्सस सिटीशी" असे सरळ उत्तर देऊ लागलो, आणि तीही कुकरची शिट्टी मोजता मोजता "बरं" म्हणून मोकळी होऊ लागली.

या संघाच्या नादी मी लागलो तो निव्वळ पत्त्यामुळे. २००३च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला आलो ते इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. त्या नावाची आद्याक्षरे जुळवून कोल्हापुरातल्या आमच्या नातेवाइकांनी मला परस्पर आयआयटीत घातले होते आणि त्यांचा तो गोड गैरसमज दूर करण्याची निकड मलाही कधी भासली नाही. हे विद्यापीठ शहराच्या दक्षिण भागात, पस्तिसाव्या रस्त्यापाशी आहे आणि मधला महामार्ग ओलांडला की पलीकडे व्हाइट सॉक्सचे मैदान. आमच्या खेळाडूने होमरन, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखा फटका, मारला की धावफलकामागून फटाके उडतात, आणि त्यांचा आवाज माझ्या खोलीच्या काचेपर्यंत येत असे. परक्या गावात, अभ्यासाच्या टेबलाशी, पोटात अर्धी कच्ची खिचडी असताना, कोणी तरी कशाचा तरी आनंद करीत आहे हे कळणे त्या वेळी मला फार मोलाचे वाटले. शहराच्या उत्तरेकडच्या कब्स या दुसऱ्या संघाचे मैदान अधिक देखणे आहे, त्यांचे चाहते अधिक संख्येने आहेत आणि आमच्या ओळखीची बहुतेक मराठी मंडळी, बेसबॉल पाहतच असली तर, तिकडचीच आहेत. परंतु त्यांचे फटाके माझ्या खिडकीला कधी ऐकू आले नाहीत.

त्यातच २००५ साली व्हाइट सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली. ह्यूस्टनला चार सामन्यांत सरळ गुंडाळले. त्यापूर्वीचे विजेतेपद १९१७चे, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षे ज्यासाठी माणसे थांबली, ते मला तिसऱ्याच वर्षी आयते मिळाले. मी आनंदाने वडिलांना, म्हणजे आबांना, फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "लेका, एवढ्या लवकर जिंकणाऱ्यांवर फार भरवसा ठेवू नकोस."

आबांना या विषयात बोलण्याचा अधिकार होता. ते रणजी करंडकात महाराष्ट्राच्या बाजूचे. इथे 'महाराष्ट्र' म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र, हे मराठी वाचकाला सांगायला नको. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. आबांचा जन्म १९४३चा. त्यानंतर त्या संघाने करंडक घरी आणला नाही तो आजतागायत, आणि मुंबईने तेवढ्या काळात चाळिशी गाठून ती ओलांडलीही.

आमच्या घरात, फळीवर, पंचांगाच्या शेजारी आबांच्या धावसंख्येच्या वह्या असत. आबा बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाचे भक्त होते. रेडिओ खुर्चीवर, स्वतः सतरंजीवर आणि मांडीवर आडव्या रेघांची वही, अशी त्यांची बैठक असे. पेन्सिलच हवी, शाई चालत नसे, आणि पेन्सिल असूनही खोडायचे मात्र नाही, हा त्यांचा दंडक. एकदा चुकून एका धावेऐवजी मी चौकार भरला आणि खोडरबर आणायला उठलो, तेव्हा त्यांनी हात धरून मला खाली बसवले आणि चौकारावर बारीक काट मारून शेजारी एक लिहिला. काटलेला चौकार दिसत राहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वहीतल्या चिन्हांत 'न.' हे एक चिन्ह त्यांचे स्वतःचे होते. पायचीत नसताना दिलेला, धावताना घसरून पडलेला, बॅटची कड न लागता यष्टीरक्षकाने अपील करून मिळवलेला, अशा फलंदाजाच्या नावापुढे ते 'न.' लिहीत. न म्हणजे नशीब. गावसकर बाद झाले की मात्र ते कधी 'न.' लिहीत नसत, कारण ते मुंबईचे.

१९७१च्या वहीत 'न.' बरेच आहेत. त्या वर्षी अंतिम सामना मुंबईशीच होता, आणि मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सगळे भारताबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले होते. यापेक्षा चांगली संधी येणे नव्हते. सुधीर नाईकांच्या मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. 'अठ्ठेचाळीस' हा आकडा आमच्या घरात पुढे भाजीच्या हिशेबातसुद्धा कोणी मोठ्याने उच्चारीत नसे.

बेसबॉलच्या सामन्याची नोंद हाताने ठेवतात हे कळले, त्या दिवशी मी वही विकत आणली. ही वही पाहण्यासारखी असते. एका संघाला एक पान, प्रत्येक खेळाडूला एक ओळ, ओळीत प्रत्येक डावासाठी एक चौकट आणि प्रत्येक चौकटीत फिकट शाईने छापलेले एक शंकरपाळे. खेळाडू जसजसा मैदानातल्या चार तळांपैकी पुढच्या तळावर जाईल तसतशी शंकरपाळ्याची एकेक बाजू गडद करायची, आणि तो घरी, म्हणजे चौथ्या तळावर, पोहोचून धाव झाली की आख्खे शंकरपाळे पेन्सिलीने भरून टाकायचे. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन चेंडू वाया घालवून, बाद झाला तर के. बॅट न फिरवता, नुसता चेंडू बघत उभा राहून बाद झाला तर उलटा के. त्या उलट्या अक्षराला मी कितीदा हसलो असेन. एखाद्याच्या हातून काही घडलेच नाही, याचीही स्वतंत्र नोंद ठेवणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. खोडरबर मी वापरत नाही, हे सांगायलाच नको.

२०२४च्या वहीत भरलेली शंकरपाळी शोधावी लागतात. १६२ सामन्यांत सगळ्या मिळून ५०७ धावा. पहिला सामना २८ मार्चला घरच्या मैदानावर, डेट्रॉइटशी, आणि तो आम्ही १-० असा हरलो. १-० म्हणजे अब्रूदार हार, असे मी त्या रात्री वहीच्या समासात लिहिले आहे. पहिल्या पंचवीस सामन्यांत तीन विजय झाल्यावर समासातला मजकूर थांबला. २३ मेच्या सामन्यात आम्ही बॉल्टिमोरविरुद्ध ८-६ असे मागे होतो, शेवटच्या डावात माणसे तळांवर होती आणि मी बऱ्याच दिवसांनी खुर्चीच्या कडेला आलो होतो. चेंडू आतल्या मैदानावर उंच उडाला. अशा चेंडूवर, पकडला जावो न जावो, फलंदाज बाद हा नियमच आहे. तेवढ्यात तळाकडे परतणारा आमचा खेळाडू क्षेत्ररक्षकाच्या वाटेत आला असे पंचांचे मत पडले आणि तोही बाद. एका उंच चेंडूवर दोन बाद आणि खेळ खलास. ही घटना चौकटीत कशी लिहावी याचे चिन्ह मला सापडेना, म्हणून मी तिथे 'न.' लिहिले. वहीत ते पहिले 'न.' होते.

पुढे १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत आम्ही सलग एकवीस सामने हरलो. अमेरिकन लीग या आमच्या गटातल्या सलग हारींच्या विक्रमात १९८८ सालच्या बॉल्टिमोरच्या जोडीला जाऊन बसलो. सलग हारण्याची सवय लागली की एक विलक्षण स्वस्थता येते. डबा घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना सामना चालू ठेवता येतो. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळाला तेव्हा खरे तर मी गोंधळलो, कारण त्या दिवशी मी पेन्सिलीला टोक काढले नव्हते. दोनच दिवसांनी संघाच्या व्यवस्थापकाला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, नारळ मिळाला. हरत होता तोवर ठेवला आणि एकदा जिंकला तर काढला, हा न्याय मला आमच्या कचेरीत पाहायची सवय आहे.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना थोडा संकोच वाटतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात १२० हारींवर येऊन संघ घरी परतला. अजून एक हार झाली की इतिहास. २५ तारखेच्या सामन्याचे तिकीट मी मुद्दाम काढले. आदल्या दिवशी ते मागून येऊन ३-२ असे जिंकले होते आणि मला, खरे सांगतो, हायसे वाटले होते. विक्रम माझ्यासाठी शिल्लक राहिला होता. आमच्या आजोबांची गोष्ट मला ठाऊक होती. १९४८च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिपक्षाने आता आणखी खेळायचे नाही म्हणून सामना सोडून दिला. निंबाळकर कोल्हापूरचे, आजोबा कोल्हापूरचे, आणि कोर्टाच्या कामासाठी पुण्यात असताना त्यांनी तो डाव पाहिला, असे ते सांगत. त्या दिवशी मैदानावर होतो असे सांगणारे निम्मे कोल्हापूर मी लहानपणी पाहिले आहे, त्यामुळे आजोबांच्या बोलण्यावर आबांचाही पुरता विश्वास नव्हता. मला साक्षीदार व्हायचे होते, आणि माझ्याजवळ वही होती.

तर मी हारीची वाट पाहत बसलो. माझ्या आजूबाजूलाही तीच वाट पाहणारे होते. काहींनी डोक्यावर कागदी पिशव्या चढवून त्यांना डोळ्यांपुरती भोके पाडली होती, काही जण संघ विकून टाका अशी घोषणा अधूनमधून देत होते. नेहमीचे नऊ डाव संपूनही सामना बरोबरीत राहिला आणि दहाव्या डावात गेला. प्रतिस्पर्धी एंजल्स, त्यांच्याबद्दल मला त्या संध्याकाळी इतकी आपुलकी वाटत होती की त्यांचा एक माणूस बाद झाल्यावर मी जिभेने चुकचुकलो. शेजारच्या, आपल्या आजोबांबरोबर आलेल्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलाने माझ्याकडे आणि मग माझ्या टोपीकडे पाहिले. त्याला काही बोलायचे नव्हते, नुसते पाहायचे होते.

मग आमच्या बेनिनटेंडीने चेंडू मारला, तळावरचा आमचा माणूस घराकडे धावला, आणि मी उभा राहिलो. का उभा राहिलो हे मला माहीत नाही. मी ओरडत होतो, तो मुलगा ओरडत होता, पिशवीवाले पिशव्या काढून ओरडत होते, आणि धावफलकामागून, वर्षात फार क्वचित ऐकू आलेले फटाके सुटले. ४-३. परतीच्या गाडीत वही उघडली तेव्हा लक्षात आले की दहाव्या डावाची चौकट कोरी राहिली आहे. ती मी नंतर भरली नाही, कारण सामना चालू असताना जे लिहिले तेच खरे, घरी येऊन भरायचे नाही, हाही आबांचाच नियम.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ७-० असे जिंकले. १२१वी हार २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये झाली, ४-१, आणि त्याच विजयाने डेट्रॉइटला दहा वर्षांनी पुढच्या फेरीचे तिकीट मिळाल्यामुळे मैदानभर त्यांचा जल्लोष उसळला. आमच्या विक्रमाला स्वतःचा असा प्रसंगही लाभला नाही. दुसऱ्याच्या लग्नात जेवून यावे तसे आमचे खेळाडू कडेकडेने आत गेले. उरलेले दोन सामने ते जिंकले. त्यांची नोंद वहीत नीट आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नवे पोप निवडले गेले, ते शिकागोचे आणि व्हाइट सॉक्सचे चाहते निघाले. २००५च्या अंतिम लढतीचा पहिला सामना पाहायला ते मैदानावर होते, हे चित्रफितीत सगळ्या जगाने पाहिले. एवढा वशिला असूनही त्या हंगामात आम्ही १०२ सामने हरलो, आणि आमच्याकडे त्याला प्रगती म्हणतात.

आबा २०१६ साली गेले. गेल्या दिवाळीच्या आधी कोल्हापूरहून ताईचा फोन आला होता. घर रंगवायला काढले होते आणि फळीवरच्या वह्यांचे काय करू, असे ती विचारत होती. मी ऑफिसच्या घाईत होतो. एवढ्या हरलेल्या सामन्यांचे करायचे काय, असे हसत म्हणालो आणि १९७१ची तेवढी ठेव, बाकीच्या देऊन टाक, असे सांगितले. तिसऱ्या दिवशी उगाच वाटले म्हणून परत फोन केला, तर रद्दीवाला सकाळीच येऊन गेला होता. साडेचार किलो भरल्या, ताई म्हणाली.