दीड मीटरचा मुंगळा

"हा श्वास कुठून घेतो?" पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा साहसखेळ, त्यात मी शत्रू म्हणून आणलेला दीड मीटरचा मुंगळा. लढाई ऐन रंगात, फासा हातात, आणि समोरच्या खेळाडूने हे विचारलं. तोंडाने, असं माझ्याकडून उत्तर गेलं. साफ चूक.

कीटकाला फुप्फुसं नसतात. छाती-पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रं असतात, तिथून नळ्यांचं जाळं आत जातं. दीड सेंटिमीटरचा मुंगळा दीड मीटरचा केला की लांबी १०० पट, पायाच्या काडीची जाडी क्षेत्रफळात १०,००० पट, पण वजन १० लाख पट! म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १०० पट भार. त्याच प्रमाणातले पाय काडकन मोडतील. पाय जाड करा, पोट जमिनीला टेकवा, वेग निम्म्यावर आणा.

हवेचं काय? नाकतोडा पोट आत-बाहेर करून हवा खेळवतो. तेच मोठं करा, लोहाराच्या भात्यासारखं. अंधाऱ्या गुहेत किडा दिसण्याआधी ते फुस्स-फुस्स ऐकू येऊ दे. आणि धूर किंवा तेल रंध्रांत गेलं की नुकसान दुप्पट. तलवारीपेक्षा बुधला कामाचा.

कात टाकणारा शत्रू हवा असेल तर मुंगळा नको, प्रौढ मुंगी कात टाकतच नाही. झुरळ घ्या. नुकती कात टाकलेलं झुरळ पांढरंफटक आणि मऊ असतं, कवच कडक व्हायला काही तास जातात. चिलखताचा आकडा, म्हणजे वार लागायला फाशावर गाठावा लागणारा आकडा, तेवढा वेळ १७ वरून ११.

बाकी, त्या मऊ अवस्थेत ते आपल्याच वजनाने चेपणार नाही, यासाठी कोणी काय नियम लावता?