पट्टीचे पोहणारे

कोल्हापुरात पाण्याची गोष्ट फुटांत सांगितली जाते. जुलै उजाडला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी हा कट्ट्याकट्ट्यावरचा विषय होतो. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात, आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी गावापर्यंत कधी पोहोचेल याचे अंदाज चहाच्या गाड्यावर मोठ्या अधिकारवाणीने वर्तवले जातात. अशा गावातल्या माणसाला नदीविषयी अजून काही शिकायचे आहे, हे पटवून देणे कठीण. त्यातून आमचा कंपू पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेला, आणि पुराच्या पाण्यात शिवाजी पुलावरून उडी मारणारे एकदोन वीरही त्यात होते. त्यामुळे कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला, म्हणजे रबरी बोटीतून खळाळत्या पाण्यात वल्हवायला, जायचे ठरले तेव्हा बेत आखण्यापेक्षा बढाया मारण्यातच अधिक वेळ गेला. पोहता येत नाही अशांनी भ्यायचा हा खेळ, आपण पट्टीचे पोहणारे, आपल्याला काय होणार, असा एकंदर सूर होता.

गणपती उरकले होते आणि नवरात्र यायचे होते. कोल्हापूरकराला मोकळीक मिळते ती बहुधा याच पंधरवड्यात. पण तो पितृपंधरवडा असल्याने एका मित्राच्या आईने ‘या दिवसांत नवं काही करू नये, आणि पाण्यात तर मुळीच जाऊ नये’ असे ठणकावले. ‘नवं काय त्यात, पाणी जुनंच आहे’ असे म्हणून मुलगा निसटला. खरा नकार आला तो चिखलीच्या मित्राकडून. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती आणि प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावे पाण्यात होती. त्या वेळी आई, दोन म्हशींची दावी आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन तो बचाव पथकाच्या रबरी बोटीत बसून गावाबाहेर आला होता. म्हशी आधीच वर हलवल्या होत्या, दावी तेवढी का घेतली हे त्यालाही सांगता येत नाही. ‘असल्या बोटीत मी फुकट बसलोय, आता पैसे देऊन कशाला बसू?’ हा त्याचा सवाल बिनतोड होता. तरीही तो आला, कारण गाडी त्याची होती.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने जाण्याचा मार्ग मला फार आवडतो, आणि तो केवळ धबधब्यांसाठी नव्हे. वाटेत बराच काळ मुळशीचा जलाशय डाव्या-उजव्या हाताला डोकावत राहतो, आणि ज्या पाण्यावर आपण खेळायला निघालो आहोत ते मुळात हेच, ही गोष्ट तिथे थांबल्यावाचून नीट लक्षात येत नाही. हे पाणी मुळेचे, आणि मुळा ही पूर्ववाहिनी नदी. तिला तिच्या मनाप्रमाणे जाऊ दिले तर ती पुण्यात मुठेला, पुढे भीमेला आणि भीमेबरोबर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळणाऱ्या आमच्या पंचगंगेची ती दूरची नातलगच. पण टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधून हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून उलट पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात सोडले. तिथे 1927 पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होते, आणि जनित्रे फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत येऊन कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले होते आणि सेनापती बापटांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले होते. जलाशयाच्या काठावर भजी खाताना हे सारे मी मित्रांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आणखी एक प्लेट मागवली. पण चिखलीचा मित्र पाण्याकडे बघत म्हणाला, ‘म्हणजे कुणाचं तरी घर बुडलं, तेव्हा आपली बोट चालणार.’ त्यावर कुणी काही बोलले नाही.

कुंडलिकेचा रोजचा प्रवाह विजेच्या वेळापत्रकावर चालतो, ही गोष्ट आम्हां पूरग्रस्तांना भलतीच गमतीची वाटली. सकाळी काठावर उभे राहावे तर खडक उघडे, मधून एक शहाणी धार वाहते आहे. थोड्या वेळाने वरून सोडलेले पाणी येते आणि बघता बघता तेच पात्र भरून खळाळू लागते. पाऊस नाही, ढग नाही, पातळीची चर्चा नाही, आणि नदी वेळेवर कामावर हजर. पाणी आले की राफ्ट सुटतात आणि सुमारे बारा किलोमीटरचा प्रवास सुरू होतो. जगभर अशा धावत्या पाण्याची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. सहावी पायरी जवळजवळ अशक्य कोटीतली, आणि कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची. ‘म्हणजे दुसरी-तिसरीचीच पोरगी’ असे आमचा तालमीतला मित्र म्हणाला. छाती चाळीस इंच, दंड तेवढ्याच मापाला टेकलेले. लाइफ जॅकेटचे पट्टे त्याच्या अंगावर शेवटच्या छिद्रापर्यंत सैल करावे लागले आणि तेही त्याने ‘घालायलाच पाहिजे का’ म्हणून दोनदा विचारून घातले.

आमचा गाइड उत्तराखंडाकडचा, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. त्याने पंधरावीस मिनिटे ज्या सूचना दिल्या, त्यांतली जवळजवळ प्रत्येक सूचना आमच्या जन्मजात ज्ञानाच्या विरुद्ध होती. बसायचे ते बोटीच्या आत नव्हे, तर कडेच्या फुगलेल्या नळीवर, आणि एक पाऊल आडव्या नळीखाली घट्ट रुतवून. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ कधीही सोडायची नाही, कारण खळाळात ती मोकळी झाली की शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलात तर पोहायचे नाही. ‘पोहायचं नाही?’ असे आम्ही एका सुरात विचारले. नाही, उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे करायचे, बोटे पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. म्हणजे खडक आलाच तर तो डोक्याला न लागता तळव्याला लागतो. आणि काही झाले तरी उभे राहायचे नाही, पाणी गुडघ्याएवढे असले तरी नाही, कारण तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकले की मागून येणारे पाणी माणसाला पुढे पाडते आणि उठू देत नाही. आमच्याकडे पोहणाऱ्या पोराला पहिला धीर देतात तो ‘पाय टेकतात रे, उभा राहा’ असा. इथे तोच धीर घातक.

पहिला खळाळ आला तेव्हा बोटीतले सगळे बाहुबळ एकाच वेळी, पण आपापल्या मुहूर्तावर खर्ची पडले. ‘फॉरवर्ड’ अशी आरोळी आली आणि प्रत्येकाने शत्रूवर तुटून पडावे तसे पाण्यावर वार केले. वल्ही एकमेकांवर आपटली, बोट गर्रकन फिरली आणि आम्ही तो खळाळ पाठमोरे पार केला. गाइड शांतपणे म्हणाला, ‘ताकत बचाके रखो, साथ में मारो.’ मग त्याने कारण समजावले. प्रवाहाच्या वेगानेच बोट वाहत राहिली तर ती खडकांमधून हवी तशी नेता येत नाही. ती पाण्यापेक्षा थोडी तरी वेगाने किंवा हळू चालली, तरच मागच्या वल्ह्याला पकड मिळते. तो वेग द्यायचे काम आमचे, आणि तो मिळतो तो सगळी वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली तर. पुढे बसलेले दोघे लय धरतात, मागच्यांनी त्यांच्या खांद्यांकडे बघायचे. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या ओळीत एकाचा हात चुकला की सगळी ओळ चुकल्यासारखी दिसते, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. पण लेझीम आणि दंड या दोन वेगळ्या कला आहेत, हे आमच्या तालमीतल्या गड्याला कुणी सांगितले नव्हते. तो उजवीकडे पुढे होता आणि त्याचा एकेक फटका दोघांच्या जोराचा असल्याने बोट सतत डावीकडे वळत होती. दुसऱ्या टप्प्यानंतर गाइडने त्याला मागे पाठवले आणि त्याच्या जागी चिखलीच्या मित्राला बसवले. तो जागचा न हलता, चेहऱ्यावर कसलाही उत्साह न दाखवता, एकसारखे वल्हे मारत राहिला, आणि बोट सरळ चालू लागली.

एकदा बोट सरळ चालू लागली की पाणी वाचायला सवड मिळते, आणि मला या सबंध प्रकारात सर्वांत मोलाचे वाटले ते हेच. समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी जवळपास जागेवरच राहते. इथे त्याच्या नेमके उलटे, पाणी धावत असते आणि लाट एका जागी उभी असते, कारण तिच्याखालचा खडक जागचा हलत नाही. दोन खडकांमधून गुळगुळीत पाण्याचे निमुळते टोक पुढे गेलेले दिसले की ती वाट. टोक आपल्याकडे रोखलेले दिसले की तिथे खडक दडलेला. खळाळातले पाणी पांढरे दिसते ते हवेच्या बुडबुड्यांमुळे, आणि त्या हवेमुळेच ते हलके होऊन माणसाला नेहमीसारखे उचलून धरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याचा हात तिथे फेसातून रिकामाच फिरतो.

याचा पडताळा तालमीतल्या मित्राने दिला. एका उंच लाटेवर बोटीचे नाक वर गेले, नळीखालचे त्याचे पाऊल सुटले, आणि तो मागच्या मागे पाण्यात गेला. वर आला तो थेट कोल्हापुरी हात मारत, प्रवाहाच्या विरुद्ध, बोटीच्या दिशेने. आम्ही सगळे ‘पोहू नको, पोहू नको’ असे ओरडत होतो, आणि हे वाक्य आपण पाण्यातल्या माणसाला कधी ओरडून सांगू असे आमच्यापैकी कुणाला वाटले नसेल. पाचदहा हातांत त्याचा दम संपला. मग त्याला सूचना आठवली असावी; तो उताणा झाला, पायाची बोटे वर आली, आणि ज्या खळाळाशी तो झुंजत होता त्यानेच त्याला खालच्या संथ पाण्यात आणून सोडले. गाइडने पिशवीतली दोरी फेकली ती बरोबर त्याच्या छातीवर पडली. बोटीत ओढून घेण्याचीही एक रीत आहे: हात धरायचा नाही, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरायचे, एकदा खाली दाबायचे आणि उसळीसरशी मागे झोकून द्यायचे. हे काम चिखलीच्या मित्राने एकट्याने केले. मित्राच्या अंगावर पसरलेला तो नव्वद किलोचा गडी धापा टाकत म्हणाला, ‘दावं आणलंयस काय रं?’

शेवटच्या तीनचार किलोमीटरांत नदी शांत होते. मोठ्या खडकांच्या आडोशाला पाणी उलटे, वरच्या अंगाला वाहते. तिथे बोट नेऊन उभी केली की वल्हे न मारताही ती थांबून राहते. तिथे गाइडने सगळ्यांना पाण्यात उतरू दिले. जॅकेटच्या आधाराने उताणे पडून, हात न हलवता वाहत जाणे हा प्रकार आम्ही आधी हसण्यावारी नेला होता, पण वर या म्हटल्यावर कुणी लवकर आले नाही. चिखलीचा मित्र मात्र उतरला नाही. तो नळीवर बसून वल्ह्याला लागलेले शेवाळ नखाने काढत होता.

परतताना ताम्हिणीच्या चढावर पुढच्या खेपेला पुढे कोण बसणार यावरून वाद जुंपला. तालमीतल्या मित्राचे म्हणणे असे की महिनाभर रंकाळ्यावर वल्ह्याचा सराव केला तर त्याला लय सहज साधेल. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, मित्राने हिशेब मांडला की वल्ही विकत घेण्यापेक्षा पुन्हा कोलाडला येणे स्वस्त पडेल. गाडी चालवणाऱ्याने कुणाचेच ऐकून घेतले नाही. ‘डावी बाजू माझी,’ तो म्हणाला, ‘उजवीचं तुम्ही ठरवा.’