मशीन शिरगावात, ऑफिस चिपळुणात

आमचं युनिट कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. भागीदारी फर्म, धाकटा भाऊ शॉप, म्हणजे कारखान्यातलं काम, बघतो, मी गिऱ्हाईक आणि पैसा. आसपासच्या फौंड्र्यांमधून कास्टिंग येतं, आमच्याकडे सीएनसी आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर मशीनिंग होतं आणि माल जातो चाकणला, थोडा बेळगावला. सुरुवातीला नुसतं जॉबवर्क होतं, तेव्हा ऑफिस म्हणजे एक टेबल, चलनबुकं आणि टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, कॉम्प्युटर. पुढे कंपन्यांच्या थेट ऑर्डरी यायला लागल्या आणि कोटेशन, पीओ (खरेदीची ऑर्डर), इन्व्हॉइस, ई-वे बिल (मालाच्या गाडीसोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), पैशाचा तगादा असा कागदांचा ढीग वाढत गेला. तो ढीग आमच्या मॅडम सांभाळायच्या. शॉपवर सगळे त्यांना मॅडमच म्हणतात, मीसुद्धा.

त्यांच्या मिस्टरांची बदली चिपळूणला झाली. नवीन माणूस मिळाला असता, पण कुठल्या कंपनीचा स्टोअरवाला कुठला कागद नसेल तर गाडी आत घेत नाही, हे शिकवायला वर्ष जातं. म्हणून म्हटलं, मॅडम, काम तिकडूनच करा.

मग लांबून काम करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एकाने रंगीत कार्डांचा बोर्ड दाखवला, दुसऱ्याने सगळं एकाच छताखाली देणारं पॅकेज. डेमो छान होते. मी प्रत्येकाला एकच विचारलं: गेटवर टेम्पो उभा आहे, ड्रायव्हर घाई करतोय, ई-वे बिल कोण आणि कसं काढणार? त्यावर कुणाकडे धड उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही सॉफ्टवेअरची यादी बाजूला ठेवली आणि गेटपासूनच सुरुवात केली.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर मालाची किंमत गेली की ई-वे बिल लागतं. २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, म्हणजे चाकणच्या गाडीला दोन दिवस मिळतात. त्यात गाडीचा नंबर पार्ट बी मध्ये भरावा लागतो आणि तो नंबर टेम्पो आल्याशिवाय कळत नाही. हे बिल सरकारी पोर्टलवर काढायचं असतं आणि १ एप्रिल २०२५ पासून तिथे सगळ्यांनाच लॉगिनला ओटीपी लागतो. फर्मचा नंबर माझ्या खिशात, मी कुठल्या तरी कंपनीच्या परचेस खात्याबाहेर बसलेलो, फोन सायलेंटवर, आणि चिपळूणहून मॅडम ओटीपी मागतायत. हे रोज कसं चालणार?

उत्तर पोर्टलमध्येच होतं. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतो. त्याचं लॉगिन वेगळं, मोबाइल नंबर वेगळा, ओटीपी त्याच नंबरवर. त्याला नुसतं बिल काढायचा अधिकार द्यायचा की मास्टर (गिऱ्हाइकांच्या, मालाच्या कायमच्या नोंदी) बदलायचाही, हे मुख्य लॉगिनवरून ठरवता येतं. शिवाय एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचं सरकारी ॲप आहे, ते फोनवरच ओटीपी तयार करतं, नेटवर्क नसलं तरी. पावसाळ्यात चिपळूणला रेंज जाते-येते, तेव्हा एसएमएसची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं. आता सुपरवायझर टेम्पोच्या नंबर प्लेटचा फोटो टाकतो, मॅडम बिल काढतात, पीडीएफ ड्रायव्हरच्या फोनवर. चहा संपायच्या आत गाडी हायवेला लागते.

इथून पुढे निवडीचा एकच निकष राहिला. ज्या साधनात मॅडमना त्यांच्या नावाचं वेगळं लॉगिन देता येतं आणि त्याचे अधिकार कमी-जास्त करता येतात, ते घ्यायचं. जिथे माझाच पासवर्ड सांगावा लागतो, ते कितीही देखणं असो, नको. बँकेतही तेच केलं. मॅडम पेमेंटची एन्ट्री टाकतात, मंजुरी मी देतो. स्टेटमेंट त्यांना दिसतं, पैसे हलवता येत नाहीत. त्यांनाही हे सोयीचं वाटतं, कारण उद्या काही गडबड झाली तर संशयाचं बोट त्यांच्याकडे वळायला जागाच नाही. काही पोर्टलं अजून एकच लॉगिन देतात, त्यांचे पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये आहेत. दोन माणसांपुरतं ते फुकट चालतं आणि आम्ही दोघंच आहोत.

टॅलीचं प्रकरण जास्त खटपटीचं निघालं. डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, त्यामुळे लांबून तो कॉम्प्युटर चालवणं आलं. अशी फुकट मिळणारी बरीच ॲप्स फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात, धंद्यासाठी पैसे भरावे लागतात. हे आधी वाचून घ्यावं. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच एका ॲपच्या, ॲनिडेस्कच्या, नावाने होणाऱ्या फसवणुकीचा इशारा दिला होता, तेव्हापासून भावाला या प्रकाराची धास्ती. त्याचं म्हणणं रास्तच होतं, पण ती फसवणूक अनोळखी माणसाला फोनवरून कोड सांगितल्यामुळे व्हायची. शेवटी ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो घातलं (होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही), कॉम्प्युटरवाल्याकडून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसात यायची खासगी, बंदिस्त वाट) बसवून घेतलं आणि त्यातून फक्त मॅडमचा लॅपटॉप आत येतो. टॅलीत त्यांचा युजर वेगळा आणि एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, चालू. अशा नोंदीची (ऑडिट ट्रेलची) सक्ती १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना आहे, आमच्यासारख्या भागीदारी फर्मला नाही. तरी ठेवला. एन्ट्री कुणी, कधी बदलली हे सीएंनाही दिसतं, मलाही.

आणि लाइट! एमआयडीसीत लाइट गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरतो, मग ऑफिसचा कॉम्प्युटर बंद. लाइट आली तरी कॉम्प्युटर आपोआप सुरू होत नाही आणि सकाळी आठला शॉप उघडणाऱ्या पोराला ऑफिसच्या किल्ल्या नसतात. कॉम्प्युटरवाल्याने बायोसमध्ये एक सेटिंग बदलून दिलं: वीज परत आली की कॉम्प्युटर स्वतःहून चालू. या सगळ्या प्रवासात इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही नव्हतं.

रोजच्या बोलण्यासाठी वेगळं चॅट ॲप आणायचं नाही हे मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. सुपरवायझर, टेम्पोवाला, फौंड्रीचा माणूस, सगळे व्हॉट्सॲपवर. त्यांना उठवून दुसरीकडे कोण नेणार? फर्मचा बिझनेस नंबर ऑफिसच्या फोनवर आहे आणि मॅडमच्या लॅपटॉपवर तो जोडलेला. मुख्य फोन बंद असला तरी जोडलेलं डिव्हाइस चालतं, फक्त तो फोन १४ दिवस वापरलाच नाही तर सगळं लॉगआउट होतं. लेबलं मॅडमनी लावली: रेट द्यायचा, पीओ आली, पैसे येणे. ड्रॉइंगचा नियम एकच आणि तो कडक. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग फोटो म्हणून पाठवायचं नाही, डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायचं. फोटो दाबला जातो आणि टॉलरन्सचा (मापात किती फरक चालेल त्याचा) आकडा पुसट होतो, ०.०२ की ०.०५ हे अंदाजाने वाचायची गोष्ट नव्हे.

ड्रॉइंगं राहतात गूगल ड्राइव्हवर, कंपनीवार फोल्डरमध्ये. नवीन रिव्हिजन आली की जुनी त्याच दिवशी ‘रद्द’ फोल्डरमध्ये जाते, आणि शॉपवर जो कागद लागतो तो मॅडमनी पाठवलेल्या पीडीएफवरूनच छापायचा. फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या फुकट वेबसाइटवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चढवायला बंदी आहे. ड्रॉइंग त्यांचं, आपल्याकडे विश्वासाने आलेलं.

ऑर्डरचं रजिस्टर साध्या गूगल शीटमध्ये. रेटचा कॉलम लॉक केलाय. शॉपवर कुणी शीट उघडत नाही, आणि उघडावं असा हट्टही मी धरत नाही. सुपरवायझर संध्याकाळी व्हॉइस मेसेज टाकतो: ‘मॅडम, पंपाचं बॉडी चाळीस झालं, दोन रिजेक्ट, ब्लोहोल आलंय.’ मॅडम ऐकतात आणि शीटमध्ये भरतात, ब्लोहोलचं (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीचं) फौंड्रीला लगेच कळवतात. पैशाच्या तगाद्याचं पत्रही तयार ठेवलंय. बिलावर आमचा उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा) छापलेला असतो आणि पत्रात लघुउद्योगाचे पैसे देण्याच्या ४५ दिवसांच्या मुदतीची आठवण. पूर्वी मी फोन करायचो आणि गप्पा मारून फोन ठेवायचो. पत्र गप्पा मारत नाही.

दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर मात्र घेतलं नाही. एका मित्राने फार आग्रह केला होता. मॅडम दुपारी मुलाला शाळेतून आणतात आणि संध्याकाळी टेम्पो निघताना हजर असतात. माझं काम त्या वेळेला अडतं, दुपारी नाही.

अजून एक घोडं अडलंय ते पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या, रिपोर्टचं. माल निघायच्या आधी मोजमापं सुपरवायझर कागदावर लिहितो, मॅडम ती फोटोवरून एक्सेलमध्ये उतरवतात, म्हणजे एकच आकडा दोनदा लिहिला जातो. मोबाइलवर भरायचा फॉर्म करून बघितला, पण हात तेलाचे असतात आणि स्क्रीन ऐकत नाही. ब्लूटूथवर थेट मोजमाप पाठवणारे डिजिटल व्हर्निअर (मापं घ्यायचं साधन) मिळतात. त्याची किंमत आणि आमच्या शॉपचा कूलंट (मशीनिंग करताना सोडलं जाणारं थंड करणारं द्रव), दोन्हीचा विचार चालू आहे. कुणी आपल्या शॉपवर वापरत असाल तर ते तेलात किती टिकतात तेवढं कळवा.