‘नामंजूर झालं म्हणून सांगा’

१३ ऑगस्ट २०२५, बुधवार. श्रावणातली पावसाची सर नुकतीच येऊन गेली होती आणि शाखेच्या दारात छत्र्यांचं पाणी साचलं होतं. सव्वादहाला माझ्या टेबलासमोर एक मुलगा येऊन उभा राहिला. चेहरा ओळखीचा होता, तीन आठवड्यांपूर्वीच त्याची फाइल मी पूर्ण केली होती. खुर्चीवर न बसताच तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, बाबा बाहेर चहा घेतायत. पाच मिनिटांत आत येतील. त्यांना फक्त एवढंच सांगा, की लोन नामंजूर झालं.”

स्क्रीनवर त्याचं कर्ज मंजूर दिसत होतं. ६० लाख, २० वर्षं, पावणेआठ टक्के, हप्ता ४९,२५७ रुपये.

मी एका सरकारी बँकेत चोवीस वर्षं नोकरी करते आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं वाकडच्या शाखेत, गृहकर्जाच्या टेबलावर. हिंजवडी इथून जवळ. आमचे निम्म्याहून जास्त अर्जदार आयटीतले. कर्ज मंजूर करा म्हणून रोज कुणीतरी गळ घालतं. मंजूर झालेलं कर्ज नामंजूर झालं म्हणून सांगा, असं मला त्या दिवसापर्यंत कुणीही म्हटलं नव्हतं.

“बस आधी,” मी म्हटलं.

तो बसला आणि बोलत सुटला. दीड महिना तो बेंचवर होता. म्हणजे हातात प्रकल्प नाही, पगार चालू आहे, आणि रोज सकाळी लॅपटॉप उघडून आपल्याला कुणी बोलावतंय का याची वाट बघायची. आदल्या शुक्रवारी एचआरने एका छोट्या खोलीत बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं. दोन महिन्यांचा पगार मिळणार होता. वय २९, सात वर्षांचा अनुभव, हातात येणारा पगार ९२ हजार. जुलैच्या अखेरीस देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने आपली दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं होतं. हा त्या कंपनीतला नव्हता. पण ती बातमी आली आणि त्याच्यासारख्या सगळ्यांच्याच पायाखालची वाळू सरकली, हे मी टेबलाच्या या बाजूने बघत होते. त्या दोन आठवड्यांत माझ्याकडच्या चार जणांनी ‘जरा थांबूया’ असे फोन केले होते.

“पण बाबांशी खोटं का बोलायचं?”

“त्यांनी गावात सांगितलंय मॅडम. पुण्यात फ्लॅट घेतला म्हणून. माझं लग्नही त्यावरच ठरलंय. नोकरी गेली हे कळलं तर ते खचतील. बँकेनं नाही म्हटलं, तर तो दोष बँकेचा होईल.”

बोलता बोलता त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. एका जुन्या सॅलरी स्लिपच्या पाठीवर दोन वेगवेगळ्या अक्षरांत यादी लिहिलेली होती, एक त्याचं आणि दुसरं त्याच्या होणाऱ्या बायकोचं. ती चिंचवडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रविवारी रात्री दोघं बसले होते आणि एकेका ओळीवर काट मारत गेले होते. फ्लॅट काटलेला. गाडी काटलेली. मंगल कार्यालय काटून पुढे ‘गावी, मंदिरात’. थायलंड काटलेलं. एमबीएपुढे प्रश्नचिन्ह. ‘मूल’ या शब्दापुढे आधी २०२७ लिहिलेलं होतं, ते खोडून काहीच लिहिलं नव्हतं. काट न मारलेल्या ओळी तीनच होत्या: बाबांचा मोतीबिंदू, धाकट्या बहिणीची फी आणि सांगवीत १ बीएचके भाड्याने, १४ हजारांपर्यंत.

त्या यादीवरून माझी नजर बराच वेळ हलली नाही. ही पिढी चैनी आहे, यांच्यात धमक नाही, आम्ही कसे पोटाला चिमटा घेऊन घर केलं, हे माझ्या वयाच्या माणसांकडून मी सतत ऐकते. लग्नकार्यात ऐकते आणि बँकेच्या कँटीनमध्येही. २००१ साली चिंचवडला आम्ही १ बीएचके घेतला तो ५ लाख ६० हजारांना. तेव्हा आमचे दोघांचे पगार मिळून १४ हजार होत होते. म्हणजे चाळीस महिन्यांच्या मिळकतीत घर. व्याज तेव्हा जास्त होतं, हे खरं. पण माझी नोकरी उद्या असेल का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. या मुलाचा फ्लॅट ताथवड्याला, सातव्या मजल्यावर, ७८ लाखांचा. त्याच्या ८५ महिन्यांच्या पगाराएवढा. वर मुद्रांक शुल्क सात टक्के, बांधकाम चालू असल्याने जीएसटी पाच टक्के, नोंदणीचे ३० हजार. म्हणजे आणखी साडेनऊ लाखांच्या वर. आणि ६० लाखांवर वीस वर्षांत व्याज जातं ते जवळपास ५८ लाख. आमच्या वेळची धमक त्यांच्यात नाही असं म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब मांडावा.

“बाबा कशासाठी आलेत?” मी विचारलं.

“डाउन पेमेंटचे पैसे कमी पडतायत ना. ते सातबारा घेऊन आलेत. रस्त्याकडेची एक एकर गहाण ठेवता येते का विचारायला.”

मग मात्र मी ठरवलं. त्याला म्हटलं, “हे बघ, मी खोटं सांगणार नाही. आणि त्याचं कारण नुसता बँकेचा नियम नाही. बँकेनं नाही म्हटलं असं त्यांना वाटलं, तर ते दुसरीकडे जातील. मुलाच्या घरासाठी निघालेला बाप एका नकारावर परत फिरत नाही. एखाद्या खासगी सावकाराच्या दारात तो सातबारा ठेवतील आणि तुला ते कळणारही नाही. खरं तू सांगायचंस. मी इथे बसलेली असेन.”

तो काही बोलला नाही. काचेतून बाहेर बघत राहिला. तोवर पांढरा सदरा आणि टोपी घातलेले, साठीला आलेले एक गृहस्थ, काखेत रेक्झिनची पिशवी धरून, पायपुसण्यावर पाय नीट पुसत आत येत होते.

औसा तालुक्यातले ते शेतकरी. पाच एकर रान. पहाटे बसमधून उतरून थेट मुलाच्या खोलीवर गेले होते. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला. “ताई, ह्यो बगा. रोडला लागून हाय. काय व्हईल ते सांगा.”

शेतजमीन आम्ही गृहकर्जाला तारण घेत नाही, हे मी त्यांना सांगितलं. मग मुलाकडे बघितलं. त्याचा घसा कोरडा पडला होता. मी पाण्याचा ग्लास सरकवला. तो प्यायला आणि म्हणाला, “बाबा, माझी नोकरी गेली.”

मी पुष्कळ घरांची भांडणं त्या टेबलावर पाहिली आहेत. वाटण्यांची, सह्यांची, सहकर्जदार कोण होणार याची. मला वाटलं, आता हे गृहस्थ ओरडतील, नाहीतर गप्प होतील. त्यांनी सातबाऱ्याची घडी घातली, पुन्हा प्लॅस्टिकमध्ये ठेवली आणि विचारलं, “कवा?”

“शुक्रवारी.”

“जेवलास का न्हाई तवापासून?”

त्यावर मुलाने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

मग ते माझ्याकडे वळून बोलायला लागले, जणू मुलगा तिथे नव्हताच. सोळा साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, त्या वर्षी त्यांनी घराचं बांधकाम काढलं होतं. भिंती झाल्या होत्या, स्लॅबचं लोखंड येऊन पडलं होतं. विहीर कोरडी पडल्यावर लोखंड परत केलं आणि वर पत्रे घातले. “अजून पत्रेच हायत. लोकं म्हनली, ह्याच्यानं स्लॅब बी व्हईना. व्हऊ द्या म्हनलं. गेल्या साली सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. म्या घातलं चार हजार शंभरानं. आमाला कुनी सांगावं लागत न्हाई ताई, पाऊस नसताना पेरायचं नसतंय.” आणि मग मुलाकडे न बघताच, “ह्यालाच वाटलं, बापाला कळनार न्हाई.”

मला त्या क्षणी २०२२ चे कर्जदार आठवले. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो; आमचे गृहकर्जाचे दर त्याच्याशीच बांधलेले. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत तो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. पावणेसात टक्क्यांनी ३० लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता साधारण २२,८०० होता. दर सव्वानऊवर गेल्यावर त्याचं महिन्याचं नुसतं व्याजच २३,१०० च्या पुढे गेलं. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल वाढणार. आम्ही मुदत लांबवत गेलो. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारा. त्या काळात एक जण या खुर्चीत बसून मला म्हणाला होता, मॅडम, मी निवृत्त झाल्यावरही हप्ते चालूच राहणार का? त्याला पेरायच्या आधी सांगणारं कुणी नव्हतं. मीही नव्हते. मीच त्याला ‘हीच वेळ आहे, दर इतके खाली पुन्हा येणार नाहीत’ असं सांगितलं होतं. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

“बुकिंगचे किती भरलेत?” मी विचारलं.

पाच लाख. त्यातले तीन बाबांचे. विक्री कार्यालयातल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, की बुकिंग रद्द केलं तर रक्कम जप्त. मुलाने ते खरं मानून पैशांवर पाणी सोडलं होतं. यादीत कुठेही त्या पाच लाखांचा उल्लेख नव्हता.

“अलॉटमेंट लेटर आहे?”

लॅपटॉपच्या बॅगेत होतं. तारीख ३१ जुलै. मी रद्द करण्याचं कलम काढून त्याच्यासमोर धरलं. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२२ साली वाटपपत्राचा, म्हणजे या अलॉटमेंट लेटरचा, नमुना ठरवून दिला आहे. त्यानुसार पत्र दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर काहीही कापता येत नाही. त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत फ्लॅटच्या किमतीच्या एक टक्का, मग दीड, आणि दोन महिन्यांनंतर दोन टक्के. त्याच्या पत्रात ते जसंच्या तसं छापलेलं होतं. त्याने सही करताना वाचलंच नव्हतं. कुणीच वाचत नाही, आणि वाचून दाखवायची तसदी कुणी घेत नाही.

“आज तेरावा दिवस आहे,” मी म्हटलं. “परवा पंधरा ऑगस्ट, सुट्टी. आज आणि उद्या, एवढेच दिवस आहेत.”

पुढचा अर्धा तास मी दुसरं कुठलंही काम केलं नाही. बाकीचे ग्राहक थांबले, मॅनेजरसाहेब दोनदा केबिनमधून डोकावून गेले. मंजूर झालेलं साठ लाखांचं कर्ज परत जाणं म्हणजे माझ्या तिमाहीच्या उद्दिष्टातून साठ लाख वजा होणं. ते त्यांना दिसत होतं आणि मलाही. मी कोरा कागद दिला, मुलाने अर्ज लिहिला. प्रकल्पाचं नाव, सदनिका क्रमांक, कलमाचा क्रमांक, भरलेली रक्कम, परत करण्याची विनंती. दोन प्रती. तोच मजकूर माझ्यासमोर ईमेलने पाठवला. “प्रत्यक्ष जाऊन पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. कुणी ‘उद्या या’ म्हटलं तरी उठायचं नाही,” असं मी बजावलं. बँकेचं प्रक्रिया शुल्क मात्र परत मिळणार नव्हतं. तेही सांगितलं.

बाबा सगळं शांतपणे बघत होते. मध्येच त्यांनी ती यादी उचलली आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा प्रयत्न केला. अक्षर नीट लागेना तेव्हा मुलाला म्हणाले, “वाच.” त्याने वाचली. मोतीबिंदूच्या ओळीवर त्यांनी हात वर केला. “ते काट.” “नाही काटणार,” मुलगा म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा निघाला. यावर बापलेकांत माझ्यासमोर थोडा वाद झाला. त्यात मी पडले नाही.

उठताना बाबांनी विचारलं, “हितनं ती बिल्डिंग किती लांब हाय?”

“वीस मिनिटं. का?”

“कागुद द्यायला जायचंच हाय की. आलोच हाय तर बगून तरी घेतो.”

संध्याकाळी साडेसहाला मुलाचा फोन आला. पोच मिळाली होती, शिक्क्यासकट. दीड तास बसावं लागलं होतं. पैसे पूर्ण मिळतील असं त्यांनी लेखी दिलं होतं, आणि ते खरोखरच दसऱ्याच्या आत खात्यात आले. त्याच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांशी ती मुलगी स्वतःच बोलणार होती. बाबा त्या रात्री गावी न जाता दोन दिवस खोलीवरच राहणार होते.

“बिल्डिंग बघितली का त्यांनी?” मी विचारलं.

“हो. खालीच उभे राहिलो. सातवा मजला कुठला ते मी दाखवलं. नुसता सांगाडा आहे अजून, खिडक्या पण बसल्या नाहीत. बराच वेळ वर बघत होते.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, उंच हाय रं. हितनं पाऊस लई लांबनं येताना दिसला असता.”